सीमेपलीकडचं दुकान

"करन्सी रिस्क किती?" आमच्या एक्स्पोर्टचे मॅनेजर देशपांडे सरांनी विचारलं.

"संपली, सर," मी म्हणालो.

२००९चा जानेवारी होता. रास अल खैमामधल्या एका टाइल्सच्या फॅक्टरीत मी एक्स्पोर्टला ज्युनिअर होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, आणि नोकरी करता करता बाहेरून एमबीए करत होतो. आदल्या वर्षीच्या जागतिक क्रॅशनंतर दुबईतल्या टॉवर्सची कामं थांबली होती, त्यामुळे आमच्या टाइल्सना गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. तीन भट्ट्यांपैकी तिसरी बंद करायचं घाटत होतं. त्या भट्टीच्या डिस्पॅचचे सुपरवायझर इस्माईलचाचा, रायगडातल्या म्हसळ्याचे. मी इथे नवा आलो तेव्हा दोन महिने त्यांच्याच खोलीत राहिलो होतो. भट्टी गेली की त्यांची नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर व्हिसाही.

एकच आशा होती. स्लोवाकियातला एक जुना डीलर मोठी ऑर्डर द्यायला तयार होता, फक्त त्याला माल उधारीवर हवा होता. त्या देशाने नुकतंच स्वतःचं चलन, कोरुना, सोडून युरो घेतला होता. त्यावर दोन पानांची नोट लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी मनापासून लिहिली. पूर्वी हा डीलर कोरुनात विकायचा आणि आम्हाला युरो द्यायचा. मधल्या काळात कोरुना घसरला तर त्याला फटका बसायचा, आणि मग आमचं पेमेंट लटकायचं. आता विक्री युरोत, पेमेंटही युरोत. शिवाय शेजारच्या देशांची चलनं त्या हिवाळ्यात कोसळत होती, आणि युरो घेतलेला हा देश त्यातून वाचला होता. हे वाक्य तर मी अंडरलाइनही केलं होतं.

सरांनी नोट दोनदा वाचली. "खात्री आहे ना? माझ्या सहीने वर जाणार आहे."

"हो, सर."

इस्माईलचाचांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. त्यामुळे मी जरा जास्तच जोरात 'हो' म्हणालो असेन.

पहिले तीन कंटेनर गेले. भट्टी चालू राहिली. मार्चमध्ये डीलरचा मेल आला. पुढच्या ऑर्डर्स कॅन्सल, आणि आधीचा मालही गोदामात पडून.

सरांनी फोन स्पीकरवर टाकला. डीलर शांतपणे सांगत होता. त्याच्या गावापासून पोलंडची सीमा अर्ध्या तासावर. पोलंडने युरो घेतलेला नव्हता आणि तिथलं चलन खूप पडलं होतं. त्यामुळे खिशात युरो असलेल्या माणसाला तिकडे सगळंच स्वस्त. लोक शनिवारी गाडी काढत, तिकडेच पेट्रोल भरत, किराणा घेत, आणि येताना बाथरूमच्या टाइल्सही डिकीत टाकून आणत. "आमचा कोरुना असता तर तोही थोडा पडला असता," तो म्हणाला, "आणि गिऱ्हाईक इथेच थांबलं असतं."

फोन ठेवून सर म्हणाले, "भाव कमी करून बघू या?" मग त्यांचं त्यांनीच उत्तर दिलं. दिरहॅम डॉलरला बांधलेला, तो काही पडणार नव्हता, आणि आमचा गॅस, पगार, सगळा खर्च दिरहॅममध्ये. खाली यायला जागाच नव्हती.

"सर, हे माझ्या नोटमध्ये यायला हवं होतं," मी म्हणालो.

"माझ्याही डोक्यात यायला हवं होतं. खलास. आता काय बोलायचं."

त्या रात्री झोप आली नाही. खरं तर हे मला कोणी शिकवायची गरजच नव्हती. नोट देण्याच्या आदल्या शुक्रवारी मी आणि चाचा मनी एक्स्चेंजच्या रांगेत उभे होतो. रुपया घसरला होता. मागे हजार दिरहॅमचे साडेदहा हजार यायचे, आता तेरा हजारांच्या वर येत होते. रांग दाराबाहेर गेली होती. मी आईसाठी इथून वॉशिंग मशीन न्यायचं म्हणत होतो.

"येडा आहेस काय, बेटा?" चाचा म्हणाले. "दिरहॅम पाठव, मशीन तिकडंच घे. रुपया पडलाय तवर घेऊन टाक."

मी तसंच केलं होतं. रांगेतला प्रत्येक जण तेच करत होता. ही अक्कल फक्त आम्हा आखातातल्या लोकांनाच असते, असं मी नोट लिहिताना कसं काय धरून चाललो, मला अजून कळत नाही.

एप्रिलमध्ये तिसरी भट्टी थंड केली. माझी नोकरी राहिली. चाचांचा शेवटचा हिशेब झाला, तेव्हा मी त्यांच्याबरोबर त्याच एक्स्चेंजमध्ये गेलो. वाटेत मी नोटबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुझ्या कागदानं तीन महिने जास्त मिळाले मला," ते म्हणाले. मग काउंटरवरचा बोर्ड पाहिला. "रेट बरा आहे आज. परत जायचंच, तर असल्या रेटला गेलेलं चांगलं."

मी त्यांची बॅग धरून उभा राहिलो.

आता कुठल्याही नव्या मार्केटची नोट लिहायची असली, की मी आधी नकाशा उघडतो. तिथल्या माणसाला शनिवारी गाडी काढून कुठवर जाता येईल, तेवढं पाहतो. मगच पहिलं वाक्य लिहितो.