अध्यक्षांची फुगडी

वऱ्हाडातल्या मालेगावच्या कॉलेजात फिजिक्सची कायम जागा निघाली, तेव्हा मी तिथेच तासिकेवर शिकवत होतो. म्हणजे उन्हाळाभर बेकार. ही जागा हुकली तर पुण्याला मेव्हण्याच्या दुकानात बसणं भाग होतं, आणि मेव्हणा मला सोसत नसे.

मुलाखतीला समोर दोघंच. प्राचार्य, आणि संस्थेचे अध्यक्ष, तुरीचे व्यापारी. प्राचार्य म्हणाले, वायूंचा गतिज सिद्धांत शिकवून दाखवा.

मी सुरू केलं. वायूचे कण सतत धावत असतात. धावपळ वाढली की तापमान वाढतं. अध्यक्षांनी जांभई दिली. पुढे सांगितलं की हेलियम आणि नायट्रोजनचे सारख्याच संख्येने कण दोन बंद डब्यांत ठेवून सारखीच उष्णता दिली, तर हेलियम जास्त तापतो.

"काहून?" अध्यक्ष जागे झाले. "माल सारखाच टाकला ना? मंग नायट्रोजनची उष्णता गेली कुठी?"

सूत्र पाठ होतं. पण मला नाटकाची खोड.

"भाऊ, उभे राहा. सर, तुम्हीही. हात धरा आणि फुगडी घाला."

प्राचार्य पांढरे पडले. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर म्हन्ते त घालू, चला!"

दोघं गरगरले. टेबलावरचा पेला पडला.

"हेलियमचा कण एकटा, त्याची सगळी उष्णता धावण्यात. नायट्रोजनचा जोडीचा, तो धावतो आणि फुगडीही घालतो. तापमान फक्त धावणं मोजतं."

प्राचार्य धापा टाकत म्हणाले, "जोडीला आत-बाहेर हेलकावेही घेता येतात. त्यांचा वाटा?"

"आता बसफुगडी घाला."

"गुडघे पाह्य माये!" अध्यक्ष ओरडले.

"थोडं तरी बसा."

"थोडं बसनं नसते बाप्पा. बसलं त पुरं, नाही त उभं!"

"तेच, भाऊ! हेलकावाही थोडा मिळत नाही. त्याची उष्णता एकदम, पुरी लागते. आपल्या मे महिन्यातही कणाला तेवढी परवडत नाही."

अध्यक्षांनी घाम पुसला, खिडकी बंद असल्याची खात्री केली आणि प्राचार्यांना म्हणाले, "याले घ्या. नाही घेतलं त हा गावभर सांगन."

घेतलं. आता दर वर्षी बारावीला हा धडा आला की मी दोन पोरांना उभं करतो. मेले बसफुगडी सहज घालतात आणि माझा सिद्धांत कोसळतो. मग नाइलाजाने अध्यक्षांची गोष्ट सांगावी लागते.