देव्हाऱ्यातला रुपया

अल्पेशने जुन्या स्पीकरमधलं चुंबक जवळ नेलं आणि देव्हाऱ्यातला रुपया त्याला जाऊन चिकटला.

"चांदी चिकटत नाय, वयनी. खरा रुपया कुठंय?"

जिजा मिठागरावर राबून वाढलेली, आता नायगाव स्टेशनबाहेर भाजी विकणारी. सासू गेल्यापासून जूचंद्रच्या घरातला देव्हारा तिच्याकडे होता. चांदीचा म्हणून जपलेल्या त्या रुपयाला ती दर दिवाळीला हळदकुंकू लावायची. तो धुवायचा नाही, अशी सासूची ताकीद होती. थर चढत जाऊन नाणं दिसेनासं झालं होतं.

"मी नाय बदलला," तिने दिराला सांगितलं.

स्वतःपुरतं ते खरं होतं. पण कंपनी बंद पडली त्या वर्षी तिचा नवरा कृष्णा पिऊ लागला होता, आणि घरातली तांब्याची भांडी एकेक करून नाहीशी झाली होती. आता कृष्णा नव्हता. रुपयाही त्यानेच बदलला का, हे विचारणार कुणाला?

"वसईला जाऊ," तीच म्हणाली. "जाणकाराला दाखवू."

जुनी नाणी घेणारे हर्षवर्धन दुकानातच होते. जिजा नखाने कुंकू खरवडायला लागली, तसं त्यांनी तिला थांबवलं. "घासू नका, ताई. ओरखडा पडला की किंमत जाते."

त्यांनी रुपया कोमट पाण्यात सोडला. पाणी हळूहळू लाल होत गेलं. जिजाला वाटीकडे बघवेना.

"लोखंड असलं तर सरळ सांगा," अल्पेश म्हणाला.

"घरी एवढं बोललास ना? आता जरा गप बस," जिजा म्हणाली.

हर्षवर्धननी नाणं टिपून भिंगाखाली धरलं. "सत्तेचाळीस सालचा. मागे वाघ आहे. हा निकेलचा रुपया. निकेल चुंबकाला चिकटतं. चांदीच्या रुपयावर हा वाघ नव्हताच. झिजलाय, दोनतीनशे मिळतील."

अल्पेश पुढे वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"आय कडेवर घेऊन दाखवायची," तो हळूच म्हणाला. "वाघोबाला पाया पड, बोलायची."

"आन् ते आता आठवतंय तुला?"

म्हणजे रुपया तोच होता. चांदी त्या घरात कधी आलीच नव्हती.

"द्यायचाय का?" हर्षवर्धननी विचारलं. जिजाने नकारार्थी मान हलवली आणि रुपया मुठीत घेतला.

पायऱ्या उतरताना अल्पेश म्हणाला, "चुकलं माझं, वयनी. तुझ्यावर आळ घेतला."

"माझं सोड. घरी चल. तुझ्या भावाच्या फोटोसमोर हात जोडू दोघं."

"दादाला मी कुठं काय बोललो?"

ती समोरून येणाऱ्या रिक्षाला हात करत राहिली.