डब्यातली भाजी

ऑफिसात एक कागद आला की त्याला दुसरा टाचला जायचा, दुसऱ्याला तिसरा, आणि शेवटी मूळ अर्ज कशाचा होता हे कोणालाच आठवायचं नाही. निवृत्तीनंतर कागद थांबले, टाचायची सवय राहिली. म्हणून आता किस्से टाचतो. हा गठ्ठा डबाबंद भाज्यांचा आहे.

स्थळ वसमत, सत्तारभाईंचं किराणा दुकान. दुकानासमोर एक बाकडं आहे आणि त्यावर आम्ही तिघं बसतो. मी आवक-जावक लिपिक म्हणून निवृत्त झालो. देवराव त्याच ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर. गाव पुसेगाव, शेत अजून तिकडंच. तिसरे गंगाधरराव. त्यांनी तीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली आणि त्यांच्यामागं ती चालत नाही असं त्यांचं मत आहे. ती त्यांच्या काळातही चालत नव्हती, पण तेव्हा निदान कागद सापडत होते.

*

सत्तारभाईंच्या दुकानात वरच्या फळीवर, फिनाईल आणि उदबत्ती यांच्या मधोमध, मटारच्या डब्यांची एक रांग आहे. शेजारी थोडे मशरूमचे डबे. नांदेडच्या एका सेल्समननं तेलाच्या ऑर्डरीबरोबर हे खोकं गळ्यात मारलं, तेव्हापासून.

देवरावांना तो आपला अपमान वाटतो. पौषात वसमतच्या बाजारात मटारचे ढीग पडतात आणि इथं त्यांच्या डोक्यावर मटारचा डबा.

एकदा त्यांनी विचारलं, "सत्तारभाई, हे कोन घेऊन राहिलं? काहून ठेवता?"

सत्तारभाई म्हणाले, "खराब नै होता, इसलिए रखता हूँ."

"पण खपत बी न्हाई."

"हौ. खपता नै, इसलिए तो मालूम पडा, खराब नै होता."

*

खपत नाही हे मात्र पूर्ण खरं नव्हतं. जवळा बाजारकडचा एक शेतकरी महिन्या-दोन महिन्यांनी यायचा आणि मटारचे दोन डबे न्यायचा. सत्तारभाईंना त्याचं फार कौतुक. खेड्यातला माणूस, पण खाण्यापिण्याचा शौकीन, असं ते आम्हाला सांगायचे.

एकदा त्यांनी त्याला विचारलं, घरी मटार आवडतो का सगळ्यांना?

तो म्हणाला, "म्हशीला आवडते."

चौकशीअंती कळलं की माल म्हशीला जातो आणि डबा सकाळी शेताकडं. लोटाभर पाणी मावतं, धरायला हलका, आणि हरवला तर घरचे बोलत नाहीत. आमच्याकडं "डब्याला जातो" म्हणजे कुठं जातो, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

पुढं त्याचं गाव हागणदारीमुक्त झालं. गावाला कमान मिळाली. सत्तारभाईंचं एक गिऱ्हाईक गेलं.

*

मशरूमचा डबाही एकदा विकला गेला. आमच्याच गल्लीतल्या एका घरी मुलगी बघायला पाहुणे येणार होते. पाहुणे परभणीचे, म्हणून रोजचं वांगं-बटाटं नको, काहीतरी वरच्या दर्जाचं हवं, असं घरात ठरलं. सत्तारभाईंच्या फळीवर वरच्या दर्जाचं तेवढंच होतं.

रस्सा झणझणीत झाला. मुलाचे चुलते माळकरी. त्यांनी पहिला घास घेतला, चावला, आणखी चावला, आणि ताटावरचा हात थांबवला. यजमानांना शेजारी बोलावून अगदी हळू आवाजात विचारलं, "हे कशाचं आहे?"

यजमानांना नाव आठवेना. ते म्हणाले, "डब्यातलं आहे."

चुलत्यांनी विचारलं, "डब्यात कोण होतं?"

लग्न जमलं. पण चुलत्यांनी मांडवात डाळ-भाताशिवाय कशाला हात लावला नाही.

*

आता गंगाधरराव. फळीवरच्या मटाराचं कायमचं गिऱ्हाईक तेच.

त्यांच्या पत्नी, कमलवहिनी, दोन वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती मुलगी वैशाली पुण्याला असते. तेराव्यालाच ती म्हणाली होती, अण्णा, माझ्याकडं चला. अण्णा म्हणाले, बघू. ऑफिसात "बघू" या शब्दावर त्यांनी तीस-तीस वर्षं अर्ज थांबवून ठेवले होते. पण वैशाली त्यांचीच मुलगी. तिनं अट घातली: नीट जेवत असाल तर राहा तिथं. जेवणाची आबाळ दिसली की मी येऊन घेऊन जाईन.

गंगाधररावांना वसमत सोडायचं नव्हतं. पुण्यात त्यांच्या ओळखीचं एकच घर, आणि तेही सातव्या मजल्यावर. आणि स्वयंपाक? भात येतो, वरण येतं, भाकरी शेजारची बाई टाकून देते. भाजी येत नाही. म्हणजे फोडणी येते, पण भाजी आणायची, निवडायची, धुवायची, चिरायची, आणि शेवटी एका माणसाला पुरेल एवढीच करायची, हे येत नाही. डबा उघडला की मटार तयार.

वैशाली रोज फोनवर विचारायची, "अण्णा, काय जेवलात?"

अण्णा सांगायचे, "वरण, भात, भाकरी आणि डब्यातली भाजी."

तिला वाटलं, अण्णांनी कुणाकडून तरी जेवणाचा डबा लावला. आठ महिने ती निर्धास्त होती.

आम्ही म्हणालो, "गंगाधरराव, हे खोटं झालं."

ते म्हणाले, "एक अक्षर खोटं न्हाई. अर्थ तिनं लावला. अर्ज वाचणाऱ्यानं चुकीचा वाचला तर अर्जदाराचा दोष असतो का?"

*

एक दिवस तिनं विचारलं, डबा देणाऱ्या माणसाचा नंबर द्या, मी त्यांच्याशी बोलते. गंगाधररावांना खोटं बोलायचं नव्हतं. त्यांनी सत्तारभाईंचा नंबर दिला.

तिचा फोन आला तेव्हा आम्ही बाकड्यावरच होतो. सत्तारभाई हिशोबी माणूस, फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, म्हणजे पुढं कोणी शब्द फिरवत नाही.

"चाचा, आमच्या अण्णांना डबा तुम्हीच देता ना?"

"हौ बेटा. मैंच देता."

"तेल जरा कमी घालत जा. त्यांना बीपी आहे."

सत्तारभाईंनी फळीवरचा मटारचा डबा हातात घेतला, चष्मा लावला आणि मागची बाजू वाचली. "तेल बिलकुल नै, बेटा. नमक का पानी है."

तिनं विचारलं, "पण रोज ताजा असतो ना?"

सत्तारभाईंना हा प्रश्न आवडला. "दो साल तक कुछ नै होता, बेटा. ऊपर छापेला है."

वैशालीनं फोन ठेवला आणि लगेच अण्णांना केला. पुढच्या शनिवारी येते म्हणाली. मोठी बॅग घेऊन.

*

त्या बातमीवर देवराव पेटले. शनिवारच्या आत गंगाधररावांना ताजी भाजी करता आली पाहिजे, असा त्यांनी निर्णय दिला आणि दुसऱ्या दिवशी पुसेगावहून मेथीच्या चार जुड्या आणल्या.

आम्ही तिघं गंगाधररावांच्या स्वयंपाकघरात पेपर पसरून बसलो. मी आणि गंगाधररावांनी मिळून लोकसभेच्या, विधानसभेच्या आणि ग्रामपंचायतीच्या कितीतरी निवडणुका पार पाडल्या. मेथी कोणीच कधी निवडली नव्हती.

दीड तास लागला. काड्यांचा मोठा ढीग झाला आणि पानांचा मूठभर. त्या मुठीतही देवरावांना गवत सापडलं. ते म्हणाले, "ह्याच्यात आमच्या शेळीचं पोट भरल, तुमचं न्हाई."

गंगाधरराव हातातली काडी बघत होते. म्हणाले, "तीन माणसांची भाजी निवडायची कमल. रोज. मी कधी पाह्यलंच न्हाई. ऑफिसात असायचो."

काड्या शेळीकडं गेल्या. भाजी खारट झाली.

*

त्याच दिवशी मला तिथं एक रजिस्टर दिसलं.

रेकॉर्ड रूममध्ये कागदांचे वर्ग असतात. 'ड' वर्ग म्हणजे वर्षभरात नष्ट करायचा. 'क' थोडी वर्षं ठेवायचा, 'ब' तीस वर्षं, आणि 'अ' कधीच नष्ट करायचा नाही. गंगाधररावांनी हीच व्यवस्था स्वयंपाकघराला लावली होती. कपाटाच्या दाराला दोरीनं रजिस्टर टांगलेलं, पानाला रकाने आखलेले: अनुक्रमांक, तपशील, वर्ग, जतन कधीपर्यंत, शेरा.

कोथिंबीर 'ड' वर्गात. जतन: दोन दिवस. मटारचे डबे 'क' वर्गात, डब्यावरच्या तारखेप्रमाणं. लिंबाचं लोणचं 'ब'. शेऱ्याचा रकाना सगळीकडं कोरा होता.

मी विचारलं, शेरा काहून न्हाई?

"शेरा मारायचा अधिकार साहेबाचा. आपण कारकून."

मी पान उलटलं. पुढच्या पानावर 'अ' वर्ग होता आणि त्यात एकच नोंद. वाचायच्या आत त्यांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं. "ते राहू द्या," म्हणाले.

*

शनिवारी वैशाली आली. बॅग खरंच मोठी होती आणि रिकामी. मी आणि सत्तारभाई आधीच जाऊन बसलो होतो. सत्तारभाईंना आपल्या एका फोननं हे झालं याचं वाईट वाटत होतं. देवराव आले नाहीत. त्यांना असलं बघवत नाही.

तिनं पाणीसुद्धा न पिता कपाट उघडलं. मटारचे नऊ डबे, ओळीत, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी.

"अण्णा, हा तुमचा डबा?"

गंगाधरराव हात बांधून उभे होते. साहेब तपासणीला आल्यावर उभे राहायचे तसे.

"बाजारात मटार मिळत न्हाई का? दारावर भाजीवाली येत न्हाई का? लोक काय म्हणतील मला?" पुण्याला बारा वर्षं राहून तिची भाषा साफ पुण्याची झाली होती, रागात ती वसमतला परत आली. "मी काही ऐकणार न्हाई. उद्या सकाळच्या गाडीनं चला. सामान मी भरते."

गंगाधरराव म्हणाले, "बराबर आहे तुझं."

एवढंच. तीस वर्षं अर्ज थांबवणारा माणूस, त्याला आपल्या बाबतीत एक मुद्दा मांडता येईना. सत्तारभाई काही सांगायला उठले आणि पुन्हा बसले.

ती कपाट रिकामं करायला लागली. डबे खाली ठेवले. मागच्या बाजूला आणखी एक डबा निघाला, दूध पावडरचा जुना, पत्र्याचा. झाकणाभोवती सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाख. ऑफिसात मतपेटीला लावतात तशी.

तिनं विचारलं, "ह्यात काय आहे?"

डब्यावर चिठ्ठी होती, चिठ्ठीवर नंबर. तिनं दाराला टांगलेलं रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि तो नंबर शोधला. ती मोठ्यानं वाचायला लागली. तीस वर्षांच्या सवयीचं अक्षर, वाचायला अडचण नव्हती.

"अनुक्रमांक एक. वाळवलेली मेथी. कमलनं शेवटची निवडलेली, गच्चीवर वाळवलेली. वर्ग 'अ'. जतन..."

तिथं ती थांबली. पुढचा शब्द तिनं मनात वाचला.

बराच वेळ ती डबा मांडीवर घेऊन फरशीवर बसली होती. एकदा तिनं झाकणाला नाक लावलं. लाख फोडली नाही. मग डबा होता तिथं मागं ठेवला, आणि त्याच्यापुढं मटारचे डबे एकेक करून परत लावले. नंबर बघून, क्रमानं. गंगाधरराव तसेच हात बांधून उभे.

ती मला म्हणाली, "काका, पेन आहे का?"

पेन होता. निवृत्त झालो तरी खिशातून गेला नाही. तिनं 'अ' वर्गाच्या पानावर काहीतरी लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली आणि रजिस्टर दाराला टांगलं. रात्री वडिलांसमोर बसून तिनं डब्यातलाच मटार खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला गाडीवर सोडायला गेलो. बॅग आली तेवढीच हलकी होती. खिडकीतून ती सत्तारभाईंना म्हणाली, "चाचा, अण्णांचा डबा चालू ठेवा."

परत आल्यावर गंगाधररावांनी आम्हाला चहा केला आणि रजिस्टर आपणहून माझ्या हातात दिलं. रजिस्टरातला तो पहिला शेरा होता.

"जागेवरून हलवू नये."