आज लाट शाळेवर फुटन

डोमा आबाजी रोज सकाळी साडेपाचला चपला काढून गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहायचे आणि आज लाट कुठं फुटणार ते सांगायचे. हो, लाट! भंडारा जिल्ह्यात! कॉलेजात मी हे सांगितलं की पोरी हसायच्या, म्हणायच्या, तुमच्याकडे चौपाटी कधी झाली. हसू द्या. मे महिन्याच्या वाऱ्यात ज्यांनी धरणाचं पाणी पाहिलं नाही त्यांना काय कळणार. समोरचा काठ दिसत नाही इतकं पाणी, आणि त्या पाण्याखाली आमचं अख्खं जुनं गाव.

मी पहिलीत होती तेव्हा गाव उठलं, म्हणून मला ते धड आठवतही नाही. घरं पाडली. पण घरांची जोती, शाळेच्या अर्ध्या भिंती, झेंड्याचा ओटा, विहारासमोरचा चौथरा, विहिरींचे कठडे, हे सगळं तसंच राहिलं. दिवाळीत धरण भरलेलं असतं तेव्हा हे खूप खोल असतं, काही त्रास नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हेच सगळं हातभर खाली येऊन बसतं. दिसत नाही, पण असतं. वारा सुटला की लाट बरोबर तिथं फुटते, आणि तिथं डोंगा, म्हणजे आमची छोटी होडी, असला की तो उलटतो.

आबाजी सांगायचे, "मोकळ्या पान्यात लाट कोनाले मारत नाई. ते येते न जाते. खाली काही अडलं का मंग ते उभी होते. वाऱ्याले भेऊ नोको, अडल्याले भे." हे ते वल्हं हातात घेऊन, गाव कुठं कुठं होतं ते दाखवत सांगायचे. इथं शाळा, इथं चावडी, इथं तुह्या आज्याचा कोठा. समोर नुसतं पाणी असायचं आणि ते असे बोट दाखवायचे की जणू तिथं आत्ता कोणी गोठा झाडून राहिलं आहे.

आबाजी जातीनं ढिवर, जन्म नदीवर गेलेला. आम्ही शेतीवाले. आमचं वावर पाण्यात गेलं तेव्हा माझा भाऊ सचिन एकोणिसाव्या वर्षी आबाजींकडे जाळं टाकायला शिकला. बाकीचे त्याला चिडवायचे की याचं वावर पाण्यात गेलं तर हा पोट्टा त्याच्या मागं मागं आला. आबाजी म्हणायचे, येऊ द्या गा, वावराचा मालक आहे तो, आपणच त्याच्या वावरात मासे धरून राहिलो. एवढं बोलले की चिडवणारे गप्प. सच्याला त्यांनी स्वतःचा जुना डोंगा दिला होता, आणि रोज संध्याकाळी तो परत आल्याशिवाय ते काठावरून उठायचे नाहीत.

आता त्यांचा बोल म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बोल तीन असायचे. पहिला वाऱ्याचा: कुठून, किती, किती वाजेपर्यंत. दुसरा पाण्याचा: पाणी शाळेच्या भिंतीवर हातभर आहे की जास्त, आज लाट शाळेवर फुटन की विहारावर. मग ते पाण्यात जाऊन उभे राहायचे. पाण्यात वाळलेली झाडं अजून उभी आहेत, त्यांच्यावर पाणकावळे बसतात का, बसले तर कोणीकडे तोंड करून बसतात, हे पाहायचे. दहा मिनिटं, कधी पंधरा. त्या वेळात कोणी बोललेलं चालायचं नाही. मग परत येऊन तिसरा बोल, एकच शब्द: जा, नाहीतर बसा.

"दोन बोल तं कोनीबी सांगन," ते म्हणायचे. "तिसरा पान्याले इचारून सांगा लागते."

त्यांच्याकडे बटनांचा फोन. मासेमारीवाले पुनर्वसनाच्या तीन वस्त्यांत विखुरलेले. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला आणि आबाजी बोलतील तसं टाइप करून टाकायला लागली. मी फास्ट टाइप करते, सगळे म्हणतात. त्यांचं वाक्य संपायच्या आत माझं टाइप झालेलं असायचं. आबाजी वैतागायचे. म्हणायचे, तुह्या बोटाइले भूक लागली का व? एकदा मी त्यांना मोबाइलवर हवामान दाखवलं, वारा ताशी इतका, दिशा अशी, रंगीत बाणबिण. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं, मान हलवली, चांगलं आहे म्हणाले. मग विचारलं, "याले शाळा मालूम हाय का?"

त्या मे महिन्यात सलग सहा दिवस तिसरा बोल "जा" होता. सातव्या दिवशी माझं पवनीला प्रॅक्टिकल होतं आणि सहाची बस पकडायची होती. आबाजींनी पहिला बोल सांगितला: वारा बुडतीकडून, म्हणजे पश्चिमेकडून, हळू. दुसरा सांगितला: पानी शाळेच्या भिंतीवर हातभरच रायलं, आज लाट शाळेवर फुटन. मग ते पाण्यात जाऊन उभे राहिले. मी थांबली. पाच मिनिटं झाली. लांबून बसचा हॉर्न ऐकू आला.

मी "जा" टाइप केलं, पाठवलं आणि पळाली.

एवढंच. एका शब्दाला किती वेळ लागतो? सहा दिवस तेच तर होतं. बसमध्ये मी फोन बॅगेत टाकला आणि वही काढली.

साडेनवाला घरून फोन आला. काकू बोलत होती, म्हणजे आईला बोलता येत नव्हतं हे मला लगेच समजलं. वारा आठ वाजताच फिरला होता. त्याआधीपासूनच आबाजी काठाकाठानं पळत, दुपट्टा हलवत, निघालेल्या सगळ्या डोंग्यांना परत बोलावत सुटले होते. सगळे परतले. सच्या सगळ्यांत आधी निघाला होता, तो लांब गेला होता. त्याचा डोंगा दिसत नव्हता.

मी प्रॅक्टिकल सोडून कशी आली ते आठवत नाही. काठावर गर्दी होती. आई मातीत बसलेली, पदर तोंडात. पाणी असं उसळत होतं की मी तसं कधी पाहिलं नव्हतं, राखाडी, आणि मधे एका ठिकाणी पांढरी रेघ उठायची, पडायची, परत उठायची. कोणी डोंगा काढायला तयार नव्हतं. आबाजी मोठ्या डोंग्यात बसलेच होते, वल्हवायला दोन जण शोधत होते. दोघं तयार झाले. मी पण चढली. त्यांनी मला उतर म्हटलं नाही. फक्त म्हणाले, बस, पन बोलू नोको.

त्या डोंग्यात त्यांनी काय केलं ते मी कोणालाच नीट सांगू शकलेली नाही. ते गावातून चालल्यासारखे गेले. डोळे अर्धे मिटलेले. आता चावडी लागली, उजव्या हाताले घ्या. आता गल्ली. गल्लीत पानी खोल हाय, गल्लीगल्लीनं चाला, कोनाच्या जोत्यावर जाऊ नोका. आणि खरंच, दोन्ही बाजूंना लाट फुटत होती आणि आमचा डोंगा मधल्या पट्ट्यातून जात होता. खाली गल्ली होती! पन्नास वर्षं ज्या गल्लीतून माणूस चालला, ती त्याला वरून, पाण्यातून, पायांनी आठवत होती.

मग सच्या दिसला. शाळेच्या झेंड्याच्या ओट्यावर उभा, लोखंडी खांबाला मिठी मारून. लाट आली की डोक्यावरून जायची, गेली की छातीपर्यंत पाणी. ज्या शाळेनं त्याला उलटवलं तिच्याच ओट्यावर तो दोन-अडीच तास उभा होता. तोंड पांढरं पडलेलं. त्यानं आम्हाला पाहिलं, पण हात हलवला नाही, कारण हात सोडला असता तर गेला असता.

आमच्या आणि त्याच्या मधे ती पांढरी रेघ होती. आबाजींनी वल्ही थांबवायला सांगितली. थांबवायला! माझा भाऊ समोर दिसत होता, शे-सव्वाशे फुटांवर, त्याची मान लाटेनं खांबावर आदळत होती, आणि हे लाटा मोजत बसले. मी ओरडली, आबाजी चला ना. त्यांनी मागं पाहिलं नाही. मी त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारल्या. मी त्यांना काय काय बोलली ते इथं लिहिणार नाही. सच्याचा एक हात सुटला, मी पाहिला सुटताना. परत लागला.

"आता नाई," ते म्हणाले. "तीन मोठ्या येतीन, मंग पानी दम घेईन. आता गेलो तं पाचही जातो."

एक आली. दुसरी आली. तिसरीत सच्या पूर्ण दिसेनासा झाला. मग पाणी एकदम सपाट झालं, खरंच दम घेतल्यासारखं, आणि आबाजी "चाला" म्हणाले आणि आम्ही गेलो. दोघांनी सच्याची बोटं खांबावरून एकेक करून सोडवली. त्याला स्वतःला ती उघडता येत नव्हती.

पवनीच्या दवाखान्यात त्याला चार दिवस ठेवलं. दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात सगळे जमले. विचारायला नको का? विचारलं. आबाजी, ग्रुपवर तुम्ही जा म्हणाले, मग मागून दुपट्टा हलवत काहून आले? एकानं फोनवर मेसेज वाचून दाखवला. तिसरा बोल: जा. पाच वाजून पंचावन्न मिनिटं.

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी आईजवळ बसली होती, आई रडत होती.

"म्हनलो असन," आबाजी म्हणाले. "वय झालं बापा."

मी फोनमध्ये पाहत राहिली.

त्या दिवसानंतर कोणी त्यांचा बोल घेतला नाही. ग्रुपवर एक पोरगा रोज हवामानाचा फोटो टाकायला लागला, रंगीत बाणवाला. मी दोन-तीन सकाळी गेली, सवयीनं. आबाजी पाण्यात उभे होते, पण बोलले नाहीत. नंतर त्यांनी येणंच सोडलं. वारा सुटला की लोक काठावर एकमेकांना विचारायचे, काय करावं, जावं का, आणि चार घरं सोडून ते माणूस जिवंत बसलं होतं आणि त्याला कोणी विचारत नव्हतं. सच्यानं पाणी सोडलं, तुमसरला राइस मिलमध्ये लागला. आई येता-जाता आबाजींच्या घराकडे पाहून बोटं मोडायची. माह्या पोराले खाल्लं असतं त्या बुढ्यानं, म्हणायची. मी जेवत असायची. जेवत राहायची.

पाच महिने. पाच महिन्यांनी मी गेली. ते दारात जाळं दुरुस्त करत होते, कोणासाठी कोण जाणे. मी एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील जाऊ दे पोरी. म्हणजे, मी तेवढ्यासाठीच गेली होती.

ते म्हणाले, "मले मालूम हाय. मी वापस आलो तं तू नोहती, न डोंगे सुटले होते. तुही माय रडून रायली होती म्हनून मी म्हनलो, आज नोको. मले वाटलं दोन दिसानं तू सांगशीन. दोन दिस वाट पायली. मंग आठ दिस पायली." जाळ्यातली गाठ त्यांनी दातानं तोडली. "माह्याजवळ होतं काय व? घर पान्यात. गाव पान्यात. एक बोल होता. तो तरी वापस कराचा होता."

मी म्हटलं, आज संध्याकाळी सगळ्यांना सांगते. त्यांनी जाळं पुढं ओढलं. मी घरी आली. आई भाकरी करत होती, सच्या सुटीवर आलेला, दोघं कशावरून तरी हसत होते. कितीतरी महिन्यांनी घरात हसणं ऐकलं. उद्या सांगू, म्हटलं.

आबाजी माघात गेले. तापानं, चार दिवसांत. मी त्यांना नदीवर नेताना पाहिलं आणि तिथूनच, रस्त्यावर उभी राहून, ग्रुपवर सगळं टाइप केलं. प्रॅक्टिकल, बस, पाच पंचावन्न, सगळं. लांबलचक झालं होतं. पाठवलं. मी वाट पाहत राहिली, की आता कोणीतरी फोन करेल, शिव्या देईल, सच्याचा फोन येईल.

खाली एक हात जोडलेलं चित्र आलं. मग "भावपूर्ण श्रद्धांजली". मग आणखी एक. मग धडाधड येत गेले, चाळीस, पन्नास, फुलं, दिवे, हात. कोणी वाचलंच नव्हतं. या पोरीनं आबाजींवर मोठं काहीतरी लिहिलं आहे, एवढंच त्यांना दिसलं. सच्यानंही हात जोडले. माझा मेसेज वर वर सरकत दिसेनासा झाला.

म्हणून इथं लिहून राहिली आहे, आणि खरं ते शेवटी दोन ओळींत लिहिते, म्हणजे तेवढं तरी वाचाल: त्या सकाळी डोमा आबाजी "जा" म्हणाले नव्हते. ते अजून पाण्यातच उभे होते.