दिसलेल्या दोन खुर्च्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — जात नाहीये. पण आज सांगूनच उठणार.

मी खानापूर तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली — सुटली कसली, मीच सोडली — आणि आमच्या गावचे नाना मला कोलकात्याला घेऊन आले. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, तुम्हाला ठाऊक असेल. बहूबाजारात नानांचं दुकान. खाली भट्टी, वर घर. मला बंगाली येत नव्हतं, हिंदीही धड नव्हतं. नानांच्या बायकोनं, काकींनी, पहिल्या दिवसापासून मला घरच्यांच्या पंगतीत बसवलं. आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, मेघनाताईनं, मला कॉम्प्युटर शिकवला. "काय रे सदा, तापलेली मूस उचलताना तुझा हात हलत नाही, आणि इथं बटण दाबायला घाम फुटतो?" असं चिडवायची, पण शिकवायची.

ताई पुढे सेक्टर फाइव्हमधली कॉम्प्युटर कंपनीतली नोकरी सोडून लग्न करून जर्मनीला गेली. जाण्याआधी तिनं मला एक काम शिकवून ठेवलं. दुकानाचा सगळा खर्च नाना कार्डावर करतात, त्याचे पॉइंट साठतात. ते विमान कंपनीकडे वळवले की त्यांवर तिकीट काढता येतं. पण पॉइंट आहेत म्हणून सीट आहे असं नव्हे. कंपनी अशा तिकिटांसाठी मोजक्याच सीटा सोडते, त्याही कधी सोडेल याचा नेम नाही. रोज बघत राहावं लागतं. "आधी सीट बघायची, मगच पॉइंट वळवायचे," ताईनं बजावलं होतं. "वळवलेले पॉइंट परत येत नाहीत."

मग ताईला दिवस गेले.

बाळंतपणाला काकींनी जायचं, पण त्यांचं मणक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बसून लांबचा प्रवास करायचा नाही असं सांगितलं होतं. विमानात पूर्ण आडवी होणारी खुर्ची मिळाली तरच जाणं शक्य, आणि त्या तिकिटाची रोख किंमत नानांच्या आवाक्याबाहेरची. शिवाय काकी एकट्या कशा जाणार? म्हणून नानाही हवेत — एकाच विमानात, दोन सीटा. कोलकात्याहून आखातात, तिथून जर्मनीला. पहिल्या विमानात सीट दिसली तर दुसऱ्यात नसायची. दुसऱ्यात दिसली तर कोलकात्याची गायब.

काकी रोज विचारायच्या, "आली का रे बाजारात खुर्ची?" नाना वैतागायचे, "विमानातली खुर्ची शोधतोयस की आमदारकीची?" मी हसायचो. दोघांचा तीन महिन्यांचा व्हिसा झाला होता. काकींनी डिंक, अळीव, बाळंतकाढा — सगळं बांधून ठेवलं होतं.

आता त्या सकाळबद्दल सांगतो. — नाही, त्याआधीचं एक सांगायला हवं. सबब म्हणून नाही, घडलं तसं.

त्याच्या आदल्या वर्षी भावकीत कुणी वारलं म्हणून नाना गावी गेले होते. दुकान माझ्यावर. एका कारागिराचं सोनं गाळल्यावर वजन कमी भरलं. घट थोडी येतेच, पण त्यानं भर दुकानात माझी कॉलर धरली. "चोर!" म्हणाला. गल्ली जमली. नाना परतले, त्यांनी टंच काढून सोन्यात मुळातच खोट जास्त होती हे दाखवलं, प्रकरण मिटलं. मला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही त्यांनी. पण ती कॉलरवरची मूठ मला तेव्हापासून जाणवायची.

तर ती सकाळ. भट्टी पेटवायची होती. मी साइट उघडली, आणि सीटा होत्या. दोन्ही विमानांत, दोन-दोन. ताईच्या बाळंतपणाआधीची तारीख. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. होत्या.

मला आनंद व्हायला हवा होता ना? मला काय दिसलं सांगू? तीन महिने नाना नाहीत. तीन महिने ती भट्टी, लोकांचं सोनं, आणि मी एकटा.

तेवढ्यात काकी चहा घेऊन खाली आल्या. "आली का रे खुर्ची?"

"नाही, काकी."

बस, एवढंच. एवढ्या सहज. त्या कप ठेवून वर गेल्या.

पण खरी लाज पुढची आहे. त्या सीटा लगेच गेल्या नाहीत. मी दिवसभर पुन:पुन्हा बघत राहिलो. घ्यायला नव्हे. दुसऱ्या कुणीतरी त्या घ्याव्यात म्हणून! तोवर कधीही वर जाऊन "आत्ताच दिसल्या" म्हणता आलं असतं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या आणि मी सुटकेचा नि:श्वास टाकला. त्यानंतरही मी रोज शोधायचो, पण शाळांच्या सुट्ट्यांतल्या प्रवासाच्या तारखा टाकून, जेव्हा अशा सीटा सुटत नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. ताईनंच शिकवलं होतं ते.

भीती वाटते एवढं म्हटलं असतं तर? नानांनी गावाहून आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं असतं. मला ते कळत होतं. तरी बोललो नाही.

ताईचं सिझेरियन झालं. जावयांची रजा आठवड्यात संपली. बाहेर बर्फ, घरात ती आणि बाळ. फोनवर ती एकदाच म्हणाली, "आई, तू हवी होतीस गं." काकींनी फोन ठेवला आणि रडल्या नाहीत, माझ्याकडे वळल्या. "तू तरी काय करणार बाबा? तू शोधलंस तेवढं कुणी शोधलं नसतं." पुढे त्या अळिवाचे लाडू वळले त्यांनी. बाळंतिणीचे लाडू — आम्ही दुकानातल्यांनी खाल्ले. मीही खाल्ले. दोन मागून घेतले.

काल ताई आलीय, लेकीला घेऊन. पोरगी चांगली चुरूचुरू बोलते, पण काकींनी हात पुढे केले की आईच्या मागे लपते. काकी हसून म्हणाल्या, "तिची तरी काय चूक, मी परकीच की तिला." आणि ताई लेकीला माझ्यासमोर उभी करून म्हणाली, "हा सदामामा. आजीला आपल्याकडे पाठवायला यानं किती खटपट केली माहितीय?" पोरीनं मला थँक्यू म्हटलं.

आता चहाची वेळ झालीय. नाना, काकी, ताई, तिघंही वर आहेत. मी जाणार आणि सांगणार — सीटा दिसल्या होत्या, मी नाही म्हणालो. कॉलरचं, भीतीचं काही सांगायचं नाही असं ठरवलंय. माफीही मागणार नाही. मागितली तर ती माणसं देऊन टाकतील, तिथल्या तिथे, चहा गार होण्याआधी. तेवढ्या स्वस्तात मला सुटायचं नाही.