भिंतीवरच्या फोटोची दुसरी कॉपी

"काकी, तुमच्याकडचा आईचा फोटो छापून ठेवा. तेराव्याला लागेल," मनीषा दारातूनच म्हणाली. तिची आई, पार्वतीबाई, आदल्या दिवशी गेली होती.

मी कॉम्प्युटर चालू केला. आतून टक, टक, टक आवाज आला. स्क्रीन काळीच राहिली.

लालबागला आमचा फोटो स्टुडिओ आहे. मी चौथी शिकलेली. काम नवऱ्याच्या हाताखाली शिकले, ते गेल्यावर एकटीने चालवते. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका भिंतीवरचा फोटो काढायला येतात. म्हणजे आपण गेल्यावर हार घालायचा तो. पण जिवंतपणी तो घरी नेत नाहीत, अपशकुन मानतात.

तसाच फोटो काढायला पार्वतीबाई नथ घालून आल्या होत्या. म्हणाल्या, "मतदान कार्डावर मी चोरासारखी दिसतंय गो. मनीषा तोच लावील. तू चांगलो काढ."

"प्रिंट देऊ?"

"नको. मोबाइलवर पण धाडू नको. तुझ्याकडेच रवांदे."

तो फोटो फक्त माझ्याकडे होता, तो असा.

टकटक ऐकून मी कॉम्प्युटर बंद केला, परत चालू केला. दुपारपर्यंत हेच केलं. अडलेला पंखा काठीने ढकलला की फिरतो, तसं काहीतरी डोक्यात होतं. दोनदा वरून थापही मारली.

दुसऱ्या दिवशी दादरला हार्ड डिस्क दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने विचारलं, "किती वेळा चालू केलीत?"

"मोजलं नाही."

"वीस वेळा?"

"जास्त."

मग त्याने सांगितलं. डिस्कच्या आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी फिरते. तिला न टेकता वरून एक बारीक हेड फिरतं, ते लिहिलेलं वाचतं. हेड बिघडलं की टकटक होते. तेव्हा बंद करून गप्प ठेवायची. चालू करत राहिलं की ते तबकडी खरवडतं.

"बॅकअप आहे?"

"आहे. सगळे फोटो डी ड्राइव्हमध्ये पण ठेवते."

"आणि डी कुठे आहे?"

"कॉम्प्युटरमध्येच."

"आजी, सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग. एकाच चाळीतल्या दोन खोल्या. चाळ पडली की दोन्ही पडणार."

आमच्या कॉम्प्युटरवाल्याने मला वेगळी डिस्क घ्यायला दोनदा सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं होतं, मला शिकवू नकोस, मी दोन-दोन ठिकाणी ठेवते.

अकराव्या दिवशी फाइली मिळाल्या. पुष्कळ फोटो चांगले उघडले. पार्वतीबाईंचा अर्धाच उघडला. केस, कपाळ, डोळे. नथीपासून खाली सगळं करडं. डीमधली कॉपी उघडलीच नाही.

मनीषाला दाखवला. म्हटलं, "खालचं दुसऱ्या फोटोवरून जोडून देते. कळणार नाही."

"कोणाच्या?"

"जुळेल तो घेऊ."

"आईला दुसऱ्या बाईचं तोंड लावू, काकी?"

तिने पर्समधून मतदान कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. मी तोच फोटो मोठा केला. जमेल तेवढा साफ केला. तरी डोळे अर्धे मिटलेले आणि गाल फुगलेले ते राहिलेच. तेराव्याला हार घातलेला पाहिला. बाई बरोबर बोलली होती. चोरासारखीच दिसत होती.

पहिल्याच टकटकीला कॉम्प्युटर बंद केला असता तर कदाचित पूर्ण चेहरा मिळाला असता.

आता माझ्याकडे दोन वेगळ्या डिस्क आहेत. एक स्टुडिओत, एक प्रभादेवीला बहिणीकडे. दर शनिवारी कॉपी करून त्यांची अदलाबदल करते. चार फोटो उघडून बघते, फाइलींच्या नुसत्या नावांवर विश्वास ठेवत नाही. आणि भिंतीवरच्या फोटोची प्रिंट पाकिटात बंद करून घरच्यांच्या हातात देते. बायका कुरकुरतात, अपशकुन म्हणतात. मी सांगते, अपशकुनाने मेलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही. मेलेली डिस्क पाहिली आहे.