ना पेढे, ना बर्फी

आमच्या घरात बाळ झालं आणि दहा दिवस उलटले तरी बिल्डिंगमध्ये कोणाला पेढा मिळाला नाही, बर्फीही नाही. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हे डोंबिवलीत सगळ्यांना ठाऊक. समोरच्या वहिनी दोनदा विचारून गेल्या. पुतण्या म्हणायचा, "हॉस्पिटलच्या गडबडीत राहून गेलं हो."

मी या घरातला सगळ्यात म्हातारा. बाळ माझ्या पुतण्याचं नातवंड. मी शिकलो चौथीपर्यंत, पण ठाण्याच्या नौपाड्यात चाळीस वर्षं शिंप्याचं दुकान स्वतःच्या हिमतीवर चालवलं. घरातल्या प्रत्येक बारशाची कुंची मीच शिवतो. याही वेळी कापड काढून बसलेलो, तर पुतण्या म्हणाला, "काका, राहू द्या. बारसं पुढे ढकललंय."

"का?"

"तुम्हाला नाही कळायचं."

मला असं कोणी म्हटलेलं चालत नाही. उठलो आणि सरळ आतल्या खोलीत गेलो. नातसून बाळाचा लंगोट बदलत होती. मला बघून तिने झाकलं नाही, नुसती रडायला लागली. मी पाहिलं. मुलगा म्हणावा तर तसं नाही, मुलगी म्हणावी तर तसंही नाही. मी बाहेर आलो आणि मशीनवर बसलो, पण सुईत दोरा जाईना.

रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत भांडण पेटलं. ठाण्याच्या एका डॉक्टरने सांगितलेलं, ऑपरेशन करून मुलगी करून टाकू, लहानपणी केलेलं आठवत नाही. सोमवारी आईबापांना सहीला बोलावलेलं.

पुतण्या म्हणाला, "देवाने दोनच केलेत, बाई आणि पुरुष. हा बिघाड आहे. वेळेत दुरुस्त केला की झालं."

बाळाची आत्या, म्हणजे पुतण्याची मुलगी, माझी नात, कॉलेजात शिकते. ती उसळली. "पप्पा, तुमचा तो व्हॉट्सॅप ग्रुप बंद करा आधी! दोनच असतात म्हणे. मग हे बाळ काय आहे? हाच तर पुरावा आहे!"

"आली मोठी वकिलीण!"

"वकील लागतीलच, तुमच्यासारखे असल्यावर!"

दोघंही पाळण्याकडे हात करून बोलत होते. बाळाचा बाप, माझा नातू, मान खाली घालून मोबाईल चोळत बसलेला. टीव्हीवर याच विषयावर असंच चालतं, मी बघतो. एक बाजू आमच्याकडे बोट दाखवून बिघाड म्हणते, दुसरी पुरावा म्हणते. आमच्यातलं कोणी खुर्चीवर बसवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मी म्हणालो, "ते बाळ मी आहे."

पुतण्या वैतागला. "काका, मस्करी नको आत्ता."

"गप बस आणि ऐक."

मग सांगितलं. जन्मभर जे दाबून ठेवलेलं ते उभ्या उभ्या पाच मिनिटांत सांगून झालं, याचं मला अजून नवल वाटतं. कोकणात जन्मलो तेव्हा सुईणीने मुलगी सांगितलं. परकर-पोलक्यात वाढलो. नऊ वर्षांचा असताना बापाने मुंबईच्या हॉस्पिटलात आणलं. मला काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. दहा-बारा शिकाऊ डॉक्टर कॉटभोवती उभे राहिले आणि मला उघडं करून बघितलं. मग कापलं. बापाला म्हणाले, आता हिचं लग्न करा खुशाल. शाळा तिथेच सुटली. चौदाव्या वर्षी आवाज फुटला, मिसरूड आली. मी परकर चुलीत घातला, भावाचा सदरा चढवला आणि त्याच्याबरोबर इकडे आलो. भाऊ मरेपर्यंत याबद्दल कोणाशी बोलला नाही. शिवणकाम का धरलं? माझे कपडे मला शिवता यावेत म्हणून. माझं माप आजवर कोणी घेतलेलं नाही.

"मी पुरुष आहे," मी पुतण्याला म्हणालो. "ते मी ठरवलं. कोणी बिघाड म्हटलं तर ऐकून घेणार नाही."

आतल्या दारातून नातसुनेने विचारलं, "आजोबा, अजून दुखतं?"

"दुखतं. लघवीला रोज जळतं. बाकी काही जाणवतच नाही."

तिने नवऱ्याकडे बघितलं.

मी विचारलं, "बाळ दूध पितं? लघवी नीट होते? रक्ताच्या तपासण्या झाल्या?"

"सगळं ठीक आहे म्हणाले."

"मग घाई कोणाला आहे? बाळाला तर नाही."

नात डोळे पुसत मोबाईल घेऊन आली. "आजोबा, हे जगाला कळायला पाहिजे. मी व्हिडिओ काढते."

"ठेव तो खाली. तुझ्या भांडणात मी साक्षीदार नाही, तुझ्या बापाच्याही नाही."

"पण मी तुमच्याच बाजूने बोलतेय ना?"

"मला विचारलंस कधी? हे बघ, तुझ्या कॉलेजात कोणी मुलगा आता मी मुलगी म्हणत असेल, तर म्हणू दे. माझं काही म्हणणं नाही, त्याचं त्याने ठरवलं. माझं दुसऱ्यांनी ठरवलं आणि सुरी लावली. ह्या बाळाला तुम्ही तेच करताय. तू सुरी लावत नाहीस, पण झेंडा करून फिरवतेस."

ती रुसली. संध्याकाळी चहा मात्र तिनेच आणून दिला.

सोमवारी आईबाप ठाण्याला गेले आणि सही न करता परत आले. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, तपासणीला आणत राहा, मोठं झालं की त्यालाच विचारू. जन्माच्या दाखल्यावर काय लिहायचं यावरून घरात पुन्हा जुंपली. मी म्हणालो, मुलगी लिहा, नाहीतर मुलगा लिहा, कागदावरचं बदलता येतं. शेवटी मुलगी लिहिलं.

पुतण्या पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. एका ताटात जेवलो आणि मला सांगितलं नाही, एवढंच बायकोजवळ म्हणाला. त्याचंही खरं आहे.

बारसं महिन्याने झालं. मी पिवळी कुंची शिवली. आत्याने कानात नाव सांगितलं, मुलगा-मुलगी कोणालाही चालेल असं. तेवढ्यात पुतण्या खोका घेऊन आला. समोरच्या वहिनींनी झाकण उघडलं. आत बुंदीचे लाडू.

"अहो, हे काय? मुलगा आहे की मुलगी?"

मी पुतण्याकडे बघत राहिलो. तो घामाघूम झालेला.

"बाळ आहे, वहिनी," तो म्हणाला. "लाडू घ्या. काकांना आधी द्या, त्यांना गोड लागतं."